आज्जाचा पंजा

आमच्या घरातली बंदूक दोनच ठिकाणी जाते. खंडेनवमीला देवापुढं, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात. २०२३ च्या मे महिन्यात कर्नाटकाची विधानसभा झाली, २०२४ च्या मे महिन्यात लोकसभा, म्हणजे वर्षभरात दोनदा तिला ठाण्याची वारी घडली. दुसऱ्यांदा परत आणली तेव्हा नळीवर बोटभर लांबीचा नवा ओरखडा होता. तिथं बंदुका भिंतीला टेकवून, सरपण रचावं तशा लावतात. एकीची कड दुसरीला लागणारच. पावती कन्नडमध्ये. ती घडी करून खिशात घातली, घरी आलो आणि ओरखडा बघायला म्हणून बंदूक सोप्यातल्या उजेडात धरली. वयाची पन्नाशी उलटेपर्यंत मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

बंदूक ब्राउनिंगची, बारा बोअर, बेल्जियममधल्या एर्स्तालच्या कारखान्यातली. नळीवर तसं फ्रेंचमध्ये कोरलंय. गावात तिला ‘पाच बारांची’ म्हणतात, कारण मॅगझिनमध्ये, म्हणजे मुख्य नळीखालच्या काडतुसं साठवायच्या नळीत, चार आणि नळीत एक अशी पाच काडतुसं मावतात. एकदा चाप ओढला की रिकामं टरफल बाहेर पडतं आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत जाऊन बसतं. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं आमच्या भागात ज्या काळी लोकांकडं ठासणीची असायची, फार तर एखाद्या देसायाच्या वाड्यात दुनळी, त्या काळी ही म्हणजे बैलगाड्यांच्या गावात मोटार. इंग्रज निघाले तेव्हा बेळगावच्या कॅम्पातल्या कुणा साहेबानं सामान विकायला काढलं आणि आज्जानं दोन सुग्यांच्या भाताचे पैसे मोजून ती घेतली, असं घरात सांगतात. साहेबाचं नाव दर पिढीत बदलत आलंय, त्यामुळं मी ते लिहीत नाही.

ही रचना ज्यानं केली तो जॉन ब्राउनिंग अमेरिकेतल्या युटामधला. १८९८ मध्ये त्यानं ती जुळवली. १९०२ च्या जानेवारीत रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना नमुना दाखवायला गेला आणि बाहेर वाट बघत बसला; तेवढ्यात अध्यक्षच हृदयविकारानं गेले. मग पठ्ठ्यानं नमुना घेऊन बोट पकडली आणि बेल्जियम गाठलं. १९२६ मध्ये वारला तोही एर्स्तालच्याच कारखान्यात. सरकारी कचेरीबाहेर ताटकळताना मला हा माणूस हमखास आठवतो.

आणि कचेरीशी आमचा संबंध जुना. परवान्याच्या जुन्या पुस्तिका आईनं लाल फडक्यात बांधून ठेवल्यात. पहिलीवर मुंबई राज्याचा शिक्का, मग म्हैसूरचा, त्यानंतर कर्नाटकाचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं, १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचं नाव बदललं. बंदूक मात्र त्याच खुंटीवर. आधी आज्जाच्या नावावर, मग आप्पांच्या, आता माझ्या.

तर तो उजेड. बंदूक सगळी निळसर काळी आहे, फक्त बॉडीच्या डाव्या अंगावर, जिथं वेलबुट्टी कोरलीय तिथं, तळहाताएवढा पांढरट डाग. त्या डागाला आमच्या घरात नाव आहे: आज्जाचा पंजा. आज्जा सांगायचा, “तीस वर्सं हितनं कणकुंबी, कणकुंबीतनं चोर्ला, ह्या हातात धरून जंगलं तुडवली. लोखंडसुद्धा झिजलं बग.” त्या वेळी चोर्ला ओलांडला की पोर्तुगीजांचं राज्य लागायचं, त्यामुळं गोष्टीत वाघाबरोबर अधूनमधून पोर्तुगीज शिपाईही यायचे. आम्ही पोरं त्या डागावर आपला तळवा ठेवून बघायचो. मोठा होईपर्यंत माझा हात त्यात बरोबर बसेल असं वाटायचं. पुढं बसलाही. म्हणून कधी शंका आली नाही.

माझा धंदा असा की ही शंका मला पहिल्यांदा यायला हवी होती. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं ब्लॅकोडायझिंगचं छोटं शॉप आहे. बेळगावच्या फाउंड्रीत ओतलेलं आणि मशीन शॉपमध्ये कातलेलं लोखंड काळं करून देणं, हे माझं काम. बोल्ट, फिटिंग, हायड्रॉलिकचे सुटे भाग. आधी तेलकटपणा काढायचा, मग ॲसिडची टाकी, पाणी, मग कॉस्टिक आणि नायट्राइटची उकळती टाकी, साधारण एकशेचाळीस अंशाला. पुन्हा पाणी, शेवटी तेल. अर्ध्या-पाऊण तासात पांढरा जॉब, म्हणजे कामाला आलेला भाग, काळाभोर होऊन निघतो. बंदुकीवरचा काळा म्हणजे जातीनं हेच. तो रंग नव्हे. लोखंडाच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड, मॅग्नेटाइट. जाडी किती, तर एखाद-दोन मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास भरतो. गंज म्हणजेही ऑक्साइडच, पण तो लाल, भुसभुशीत, आत आत खात जाणारा. हा काळा घट्ट बसतो आणि तेल धरून ठेवतो. मोठा भाऊ घर सांभाळतो आणि धाकटा विकून खातो, तसं आहे ते.

हा काळा जातो दोन तऱ्हांनी. एक, घासून. घासलं की आधी कडा उघड्या पडतात, मग उंचवटे, सपाटी सगळ्यात शेवटी. काळ्याचा तपकिरी होतो, तपकिरीचा राखाडी, राखाडीचा पांढरा, आणि दोन रंगांमधली सीमा धुक्यासारखी विरत जाते. शिवाय घासलेलं लोखंड चकाकतं. दुसरी तऱ्हा, आंबटानं. ॲसिड कडा बघत नाही, खोलगा बघत नाही, जिथं पोचेल तिथला काळा सरसकट उतरवतं आणि मागं मळकट, बिनचकाकीचा राखाडी पत्रा सोडतं. शॉपमध्ये बिघडलेला जॉब परत करायचा असला की आम्ही हेच करतो. रोज बघतो मी ते.

आज्जाच्या पंजाच्या कडांवर काळा शाबूत होता. वेलबुट्टीच्या रेघांच्या तळाशी मात्र नव्हता. माणसाचा तळवा कितीही राकट असला तरी अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेच्या तळाला जाऊन काळा खरवडून आणत नाही. आणि डागाच्या खालच्या अंगाला, चापाभोवतीच्या कडीकडं उतरत गेलेले दोन ओघळ होते. तळव्याला ओघळ येत नाहीत.

मी बराच वेळ नुसता बसलो. बाहेर वळवाचा पाऊस सुरू झाला होता.

आई आत कोथिंबीर निवडत होती. बंदूक घेऊन गेलो आणि विचारलं, हे कशानं झालं. तिनं चष्मा कपाळावर नेऊन एकदा बघितलं आणि परत कोथिंबिरीला लागली.

“चिंचंनं.”

“कसल्या चिंचेनं?”

“आत्तींनी घासली हुती, तुझ्या आज्जीनं. दसऱ्याची भांडी काढली हुती, तांब्यापितळंची, समई, घंगाळं. मामंजी कुठं गेले हुते काय की बेळगावला. आत्ती म्हणाल्या, देवापुढं ठेवायची तर ही एकटीच काळीमिट्ट कशी ठेवायची. चिंच आणि रांगोळी घेऊन बसल्या. एवढं उजळलं आणि मग हात दुखला म्हणून ऱ्हायलं.”

“आणि आज्जा?”

“आले, बघितले, काय बोलले नाहीत. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी कोण पाव्हणे आले, त्यांनी विचारलं हे काय म्हणून, तर म्हणाले, माझा पंजा.”

हे आईला आमच्या घरी आल्यावर पहिल्याच दसऱ्याला बघायला मिळालं होतं. एवढी वर्षं सांगितलं का नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाली, “कोण विचारलं?”

टार्टारिक ॲसिड. चिंचेत भरपूर असतं. तांब्यावरचा काळा जसा तिनं उतरतो तसाच लोखंडावरचाही. आज्जीच्या हिशेबात काळं म्हणजे मळ. घरात तीच एक वस्तू अशी होती की जी काळी असण्यासाठी कुणीतरी पैसे मोजले होते, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी पोटापाण्यासाठी पांढऱ्याचं काळं करतो, माझी आज्जी काळ्याचं पांढरं करायची. तेही फुकट.

एकदा संशय आला की माणूस थांबत नाही. रविवारी परवाना, चिंध्या आणि शिवणयंत्राचं तेल घेऊन बसलो आणि बंदूक उघडली. हिची रचना मजेशीर आहे. हल्लीच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांत नळी जागेवर असते आणि आतला बोल्ट तेवढा मागं-पुढं होतो, काहींत बार उडाल्यावर निघणाऱ्या गॅसनं, काहींत धक्क्याच्या जडत्वानं. हिच्यात नळीसकट सगळं मागं येतं. बोल्ट आणि नळी एकमेकांना धरून शेवटपर्यंत मागं, मग नळी एकटी पुढं, तिथं टरफल सुटतं, आणि मग बोल्ट नवं काडतूस ढकलत तिच्या मागून. खांद्याला एकाच्या जागी दोन धक्के बसल्यासारखे वाटतात. हा सगळा खेळ नळीखालच्या लाकडाच्या आत, मॅगझिनच्या नळीवर चालतो. तिच्यावर जाड स्प्रिंग, त्यावर एक पोलादी कडी आणि ब्रेक म्हणून ब्राँझची चिरलेली कडी. हलकं काडतूस असेल तर पोलादी कडी स्प्रिंगच्या खाली घालायची, भारी असेल तर वर. ती चुकली की नळी जोरात मागं येते आणि पुढचं लाकूड तडकतं. तडकलेली लाकडं या बंदुकांत पुष्कळ दिसतात. आमचं तडकलेलं नाही.

पण मला बघायचं होतं ते मॅगझिनच्या नळीचं अंग. प्रत्येक बार उडाला की ती ब्राँझची कडी तिच्यावरून सरकते. पुष्कळ चाललेल्या बंदुकीत तिथला काळा पार गेलेला असतो आणि पत्रा गुळगुळीत होऊन ब्राँझची पिवळसर झाक बसलेली असते. वरची झीज कुणी हाताळलं ते सांगते, ही आतली झीज किती बार झाले ते सांगते. वरचीनं बंदूक जुनी दिसते, एवढंच. आतली वाढली तर ती बिघडते. गिऱ्हाईक नेहमी वरच्या झिजेवरून भांडतं.

आमच्या मॅगझिनच्या नळीवर लांब लांब पट्ट्यांत मूळचा काळा तसाच होता.

म्हणजे आज्जानं बार फार काढले नव्हते. कुठून काढणार? त्या काळची काडतुसं कागदी, आणि आमचा पाऊस कणकुंबी-आमगावच्या अंगचा, चार महिने भिंती घाम गाळतात. कागदी काडतूस ओलाव्यानं फुगतं आणि फुगलेलं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीत अडकतं. दुनळीत निदान अंगठ्यानं दाबून बसवता येतं. शिवाय काडतुसं मोजून मिळायची आणि स्वस्त नव्हती. बोलता बोलता आज्जानं किती वाघ पाडले याचा हिशेब मी लहानपणी ठेवला होता. तो त्या नळीच्या काळ्याशी कुठंच जुळत नाही. मला याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा आज्जानं ‘आता काय उरलं’ असं म्हणून उसासा टाकला होता म्हणतात. जंगलाचं त्याच्याकडून मुळात फारसं गेलंच नव्हतं. आज तिथं भीमगडचं अभयारण्य आहे, २०११ पासून, आणि गवे आमच्या भातात येऊन उभे राहतात ते तिथूनच.

आता दस्ता. तो अक्रोडाचा, आणि लाकडाची झीज लोखंडापेक्षा भोळी असते. खोटं बोलतच नाही. उजव्या खांद्याला बंदूक लावणारा माणूस दस्त्याच्या डाव्या अंगाला गाल टेकतो. घामानं आणि डोक्याच्या तेलानं तिथलं व्हार्निश जातं, लाकूड काळपट, मऊ होतं. आज्जा उजवा. पण डाव्या अंगाचं व्हार्निश जवळजवळ नवं होतं. झिजलं होतं ते उजवं अंग. चांगलं बशीएवढं, खोबरेल पिऊन तुळतुळीत झालेलं.

घरात डावखुरे एकटे आप्पा.

आप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी बंदुकीची एकही गोष्ट कधी सांगितली नाही. खरं तर कसलीच फार सांगितली नाही. दसऱ्यानंतर भात पोटरीतून बाहेर पडलं की ते रात्री शेतातल्या माळ्यावर जायचे, डुकरं राखायला. सोबत कंदील, कांबळं, एक रिकामा पत्र्याचा डबा आणि ही बंदूक. सकाळी सहाच्या सुमारास दवानं भिजून परत यायचे, चहा पिऊन गोठ्यात जायचे. आम्हाला वाटायचं रात्रभर बार काढत असतील. आईला विचारलं.

“बार कसला. डबा बडवायचे. काडतुसं माझ्याकडं असायची, पिशवीत. दोन घेऊन जायचे, दोन परत आणायचे. बंदूक आपली रिकामीच, धरून बसायला. झोप लागली की तिच्यावरच मान टाकायचे.” मग थोडं थांबून, “गालावर वळ असायचा सकाळी. मी म्हणायचे, उशी घेऊन जावा की. नको म्हणायचे, खरं उशी घेतली तर झोप लागती.”

बंदूक रिकामी असायची हे ऐकून मी आधी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग तिच्या आधारानं रात्ररात्र काढणारे आप्पा डोळ्यांसमोर आले. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात मावेल ती नळी. पुठ्ठ्याच्या दोन काडतुसांच्या भरवशावर साडेतीन किलोची वस्तू अंगावर घेऊन, डबा बडवत. तीस सुग्या तरी. तीस वर्षांचा आकडा आज्जाच्या गोष्टीतला, पण तो बसतो आप्पांना.

बॉडीच्या पोटाखाली, जिथं बंदूक तोलून धरली जाते, तिथं मला खरा पंजाही सापडला. छोटासा, कडांवरचा, तपकिरीतून पांढऱ्यात विरत गेलेला, चकाकणारा. नियमानुसार. बोटं कुठल्या बाजूला वळत होती ते बघायचा मी प्रयत्न केला, कळलं नाही. लोखंड तेवढं सांगत नाही.

शॉपमधल्या पोराला मी मोबाइलवर फोटो दाखवला. तो म्हणाला, “मालक, टाका की एकदा टाकीत. सोमवारी आणा, दुपारच्या चहापर्यंत नवी करून देतो.” त्याचं बरोबर आहे, होईल. पण बंदुकीचं काम करायला वेगळा परवाना लागतो, तो माझ्याकडं नाही; आणि काळं करायच्या आधी पॉलिश करावं लागतं, त्यात वेलबुट्टी बोथट होते आणि नंबर पुसट झाला तर गुन्हा. ही कारणं मी त्याला सांगितली. सगळी खरी आहेत. तो म्हणाला, मग निदान ठाण्यातला तो ओरखडा तरी. ओरखड्याला थंड ब्ल्यूइंगची बाटली मिळते, कापसानं लावायची. तेवढं करावं म्हणतो. त्या ओरखड्याशी आमची काही ओळख नाही.

बाकी नक्षीच्या खाचांत आणखी एक गोष्ट सापडली ती म्हणजे कुंकू. दस्त्याच्या मुठीवरच्या चौकड्यांत सत्तरेक वर्षांचं कुंकू घट्ट बसलंय, दात घासायच्या जुन्या ब्रशनंही निघत नाही. लाकडाला त्याचं काही नाही. पण नळीवर ओलं कुंकू बोटानं लावून तसंच ठेवलं की त्याच्याखाली गंजाचे टाचणीएवढे खड्डे पडतात. ओळीनं मोजता येतात ते, एकेका दसऱ्याचे.

यंदा खंडेनवमीला मी मुद्दाम लवकर उठलो. आईच्या हाताला चिंच लागू नये म्हणून बंदूक आधीच तेलानं पुसून पाटावर ठेवली. कोयता, विळे, कुदळ, माझा व्हर्नियर, मुलाचा लॅपटॉप, सगळं मांडलं. आईनं झेंडू वाहिले, गंध लावलं, आणि सगळ्यांवर कुंकवाची बोटं ओढली. रात्री सगळे झोपल्यावर ते पुसून घ्यायचं मी ठरवलं होतं.

मुलाचा मित्र आला होता, हुबळीचा, कन्नड बोलणारा, मराठी मोडकीतोडकी. त्यानं वाकून बघितलं आणि त्या डागावर बोट ठेवून विचारलं, “आज्जी, इदु येनु? हे काय?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात आईनं आरतीचं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि माझ्याकडं ढुंकूनही न बघता म्हणाली,

“ह्यो? ह्यो ह्याच्या पणज्याचा पंजा. तीस वर्सं जंगलं तुडवली.”